ओल्या गँगरीनचा पाय, तीस टक्क्यांचे हृदय आणि सकाळीच घेतलेली क्लोपिडोग्रेल: उपजिल्हा रुग्णालयातले एक नर्व्ह ब्लॉक प्रकरण

ओळख पटू नये म्हणून एकाच धाटणीच्या रुग्णांचे तपशील एकत्र करून हे प्रकरण मांडले आहे. नर्व्ह ब्लॉक म्हणजे नर्व्हभोवती भुलीचे औषध देऊन तेवढाच भाग बधिर करणे. औषधांचे डोस आणि क्रम प्रत्यक्ष वापरायचे तसेच दिले आहेत. वाचक भूलतज्ज्ञ, सर्जन किंवा ऑपरेशन थिएटरमध्ये (ओटीत) काम करणारे असतील असे गृहीत धरले आहे.

रुग्ण

वय ६२, वजन ५६ किलो, यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण भागातला कोरडवाहू शेतकरी. मधुमेह १४ वर्षांपासून, गोळ्या कधी चालू कधी बंद. आठ महिन्यांपूर्वी हार्ट अटॅक येऊन नागपुरात स्टेंट बसवलेला. फाइलमधल्या एकोत इजेक्शन फ्रॅक्शन (हृदय दर ठोक्याला बाहेर टाकते तो रक्ताचा वाटा) ३० टक्के. ॲस्पिरिन ७५ आणि क्लोपिडोग्रेल ७५ या रक्त गोठू न देणाऱ्या गोळ्या मात्र न चुकता चालू, शेवटची गोळी त्याच दिवशी सकाळी.

फेब्रुवारीत पऱ्हाट्या काढायच्या कामात कापलेला खुंट उजव्या तळपायात घुसला. पाय आधीच बधिर, त्यामुळे जखम लक्षात आली ती वास सुटल्यावर. मधल्या दिवसांत घरी बिब्बा लावला गेला आणि त्याने आजूबाजूची कातडीही पोळली. रुग्णालयात आणले तेव्हा पुढचे अर्धे पाऊल काळे-हिरवे, दाबले की कुरकुर, एक्सरेत स्नायूंमध्ये हवा. लाली घोट्याच्या थोडी वर. पेनाने आखलेली तिची कड दोन तासांत आणखी वर सरकली.

ताप ३८.६ सेल्सिअस, नाडी ११८, रक्तदाब ९६/५८, श्वास २६, हवेवर ऑक्सिजन ९३ टक्के. सपाट झोपवले की धाप, ३० अंश डोके वर केले की बरे. साखर ३८६, लघवीत कीटोन नाहीत, क्रिएटिनिन १.८, हिमोग्लोबिन ८.४. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची सोल्युबिलिटी चाचणी पॉझिटिव्ह.

ही शेवटची ओळ विदर्भात नुसती नोंदवून सोडता येत नाही. सोल्युबिलिटी चाचणी वाहक आणि आजारी यांच्यात फरक करत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी लागते आणि तो रिपोर्ट त्या दिवशी हाती येणार नव्हता. ६२ वर्षांपर्यंत पोहोचलेला माणूस बहुधा वाहकच असणार, पण ओटीतली तयारी वाईट शक्यता धरूनच करायची: थंडी नको, पाणी कमी पडू द्यायचे नाही, ऑक्सिजन खाली जाऊ द्यायचा नाही आणि टूर्निके (रक्त अडवायला पायाला आवळायचा पट्टा) नको. पायाच्या धमन्याही मधुमेहाने बुजलेल्या होत्या, म्हणजे टूर्निके टाळायला दुसरे कारणही हजर होते.

स्पायनल का नाही, पूर्ण भूल का नाही

क्लोपिडोग्रेल बंद करून ५ ते ७ दिवस गेल्याशिवाय मणक्यात सुई घालणे, म्हणजे स्पायनल भूल देणे, योग्य नाही. पाठीच्या कण्यात रक्त साचून दोन्ही पाय कायमचे जाण्याचा धोका असतो. एकट्या ॲस्पिरिनसाठी स्पायनल टाळावे लागत नाही, दोन्ही गोळ्या एकत्र चालू असतील तर टाळावेच लागते. शिवाय रक्तात जंतुसंसर्ग, वरचा रक्तदाब शंभराच्या आत आणि हृदयाचा पंप अर्धवट. कमी डोसची एकतर्फी स्पायनल हा आपल्याकडचा आवडता तोडगा. त्याने रक्तदाबाचा प्रश्न थोडा हलका होतो, रक्तस्रावाचा जागच्या जागी राहतो.

पूर्ण भूल देता आली असती, पण पोट भरलेले, मधुमेहाने जठर संथ, औषध शिरेत जाताच रक्तदाब कोसळण्याची शक्यता, आणि ऑपरेशननंतर व्हेंटिलेटरवर ठेवायची वेळ आली तर इथे आयसीयू नाही. घोट्याभोवती रिंग ब्लॉक देणे हा तर पर्यायच नव्हता. सुजलेल्या, पू धरलेल्या भागात आम्लता वाढलेली असते. तिथे भुलीच्या औषधाचा आयनित हिस्सा वाढतो, ते नर्व्हच्या आवरणातून आत शिरत नाही आणि सुईबरोबर जंतू मात्र वर चढतात.

मोठ्या केंद्राकडे पाठवण्याबद्दल नातेवाइकांशी स्पष्ट बोलणे झाले. आमचे मत असे की पाय सडत असताना आणि सर्जन हजर असताना जंतूंचा साठा आधी काढावा, प्रवास मग. मोठ्या ठिकाणीही या रुग्णाला बहुधा नर्व्ह ब्लॉकच मिळाला असता. म्हणून दोन टप्पे ठरले. आज घोट्याच्या वर, निरोगी कातडीतून, उघडे गिलोटिन अँप्युटेशन (पाय सरळ कापून जखम न शिवता ठेवणे). संसर्ग ओसरल्यावर गुडघ्याखाली रीतसर अँप्युटेशन. पहिल्या टप्प्याला दोन नर्व्ह पुरतात: गुडघ्यामागची सायॅटिक आणि आतल्या बाजूची सॅफेनस. दोन्ही जागा उथळ आहेत, रक्त आले तर बोटाने दाबता येते. क्लोपिडोग्रेल चालू असतानाही हे ब्लॉक देता येतात ते यामुळेच. पाठीजवळच्या किंवा नितंबातल्या खोल ब्लॉकना ही सवलत नाही.

औषधाचा हिशेब

हा हिशेब ओटीत शिरण्याआधी कागदावर हवा. रोपिव्हॅकेन या बधिर करणाऱ्या औषधाची मर्यादा किलोला ३ मिलिग्रॅम, म्हणजे ५६ किलोला १६८. हृदय कमजोर असले की यकृताकडे रक्त कमी जाते आणि औषध हळू निचरते, म्हणून वरची रेघ १५० वर आखली. ०.७५ टक्क्यांच्या २० मिलि अँप्यूलमध्ये नेमके १५० मिलिग्रॅम असतात. त्यात १० मिलि सलाइन घातले की ३० मिलि ०.५ टक्के तयार. एक अँप्यूल म्हणजे या माणसाचा दिवसभराचा कोटा. दुसरी अँप्यूल ट्रेवर येऊच द्यायची नाही, घाईत ती फोडली जाते.

वाटणी अशी: सायॅटिकला १८ मिलि (९० मिलिग्रॅम), सॅफेनसला ८ मिलि (४० मिलिग्रॅम), ४ मिलि राखीव. बुपिव्हॅकेन स्टॉकमध्ये होते आणि स्वस्तही पडते, पण रक्तात गेले तर हृदयावर त्याचा मार जास्त आणि चिवट. ३० टक्क्यांच्या हृदयाला ते नको. जिथे तेच वापरावे लागते तिथे किलोला २ मिलिग्रॅमच्या पुढे जाऊ नये, आणि स्पायनलची 'हेवी' अँप्यूल ब्लॉकच्या ट्रेपासून लांब ठेवावी. दोन्हींवर ०.५ टक्केच लिहिलेले असते.

भुलीचे औषध रक्तात जाऊन विषबाधा झाली तर उतारा म्हणून लागणारे २० टक्के लिपिड इमल्शन ओटीत असल्याशिवाय इतके औषध टोचू नये. या वजनाला पहिला बोलस किलोला १.५ मिलि, म्हणजे ८४ मिलि दोन-तीन मिनिटांत. मग मिनिटाला १४ मिलि ड्रिप, एकूण ६७२ मिलिच्या आत. हे आकडे बाटलीवर चिकटपट्टी लावून आधीच लिहिले. झटके आले, जिभेला मुंग्या आल्या, ईसीजी रुंदावला, तर त्या वेळी गुणाकार सुचत नाही. ॲड्रिनलिन लागले तर किलोला १ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून कमी. प्रोपोफॉल पांढरे दिसते म्हणून ते लिपिडच्या जागी चालत नाही. त्यात लिपिड थोडे असते आणि हृदय दाबण्याची ताकद बरीच.

तयारी

पहिल्या तासात रक्ताचे कल्चर आणि अँटिबायोटिक, इन्शुलिनची ड्रिप, सलाइन २५० मिलिच्या टप्प्यांनी आणि प्रत्येक टप्प्यानंतर छाती ऐकून. साखर २५० च्या खाली आली की पुढे जायचे. ती नॉर्मल होईपर्यंत थांबले तर लाली गुडघ्यापर्यंत जाते. नॉरॲड्रिनलिन पंपावर भरून तयार, रक्ताची एक पिशवी जुळवून ठेवलेली. एसी बंद, सलाइन कोमट. नाकातून ऑक्सिजन, ईसीजी, दर तीन मिनिटांनी रक्तदाब. पूर्ण भुलीचा सगळा सरंजामही मांडलेला: सक्शन चालू करून पाहिलेले, लॅरिंगोस्कोप, ट्यूब. ब्लॉक देणार म्हणून हे मांडायचे टाळणे ही ग्रामीण ओटीतली सर्वांत धोक्याची सवय.

सोनोग्राफी मशीनबद्दल एक जाताजाता. ते नर्व्ह बघायला वापरा नाहीतर पोट बघायला, पीसीपीएनडीटी (गर्भलिंगनिदान प्रतिबंध) कायद्याखाली नोंदणी लागतेच. ओटीतला वापर त्या नोंदणीत बसतो ना, हे अधीक्षकांकडून आधीच करून घ्यावे. रुग्ण टेबलावर असताना हा प्रश्न निघणे बरे नव्हे.

रुग्णाचा प्रश्न एकच होता: "सायेब, पाय कापतानी मले समजन का जी?"

"काकाजी, हात लावलेला समजेल, ओढल्यासारखं वाटेल, करवतीचा आवाज येईल. दुखणार नाही. दुखलं तर तसंच सांगायचं, आम्ही थांबू."

स्पर्श आणि ओढ उरते हे आधी सांगितले नाही, तर रुग्ण पहिल्या स्पर्शालाच घाबरतो आणि ब्लॉक फसला असे सगळ्यांना वाटू लागते.

सायॅटिक: गुडघ्यामागे

कुशीवर वळवले की धाप वाढत होती, म्हणून डोके वर ठेवून उताणेच झोपवले. पिंढरीखाली घड्या घातलेल्या चादरी ठेवून गुडघ्यामागे प्रोब मावेल इतकी जागा केली. लिनिअर प्रोब गुडघ्यामागच्या घडीवर आडवा. आधी धमनी शोधायची, तिच्या वर शीर, शिरेच्या वर थोडी बाहेरच्या बाजूला टिबियल नर्व्ह. नर्व्ह धूसर दिसली तर प्रोबचे तोंड पावलाकडे झुकवावे. नर्व्ह खाली येताना खोलातून उथळ होत जाते, त्यामुळे किरण सरळ लावले की परत येत नाहीत. झुकवताच ती उजळते. मग प्रोब हळूहळू वर सरकवायचा. बाहेरून कॉमन पेरोनियल येऊन टिबियलला मिळते. या रुग्णात हा संगम घडीपासून साधारण ७ सेंटिमीटर वर होता.

स्क्रीनवर नर्व्हची खोली ३ सेंटिमीटर. म्हणून मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मागच्या कातडीपासून ३ सेंटिमीटर पुढे सुई टोचली. अशी गेली की ती प्रोबला समांतर राहते आणि टोकापासून मुळापर्यंत दिसते. ब्लॉकची खास १०० मिमी सुई होती. नसेल तिथे २२ गेजची स्पायनल सुई एक्स्टेन्शन लावून वापरतात. चालते, पण तिचे टोक धारदार असल्याने नर्व्हमध्ये सहज घुसते, आणि घुसल्याचे हाताला कळत नाही.

या रुग्णात धोक्याचे नेहमीचे इशारे निकामी होते, हे नीट लक्षात घ्यायला हवे. एरवी नर्व्हला सुई लागली की रुग्ण ओरडतो. इथे नर्व्ह आधीच बधिर. नर्व्हला हलका करंट देणारा स्टिम्युलेटर लावला तर एरवी ०.५ मिलिअँपिअरच्या आसपास पाऊल हलते. मधुमेही नर्व्हला त्याहून जास्त करंट लागतो, आणि काळे पडलेले पाऊल हलले तरी दिसत नाही. हालचाल बघायची तर टाचेच्या वरच्या कंडरेवर बोट ठेवून. कमी करंटवर हालचाल मिळावी म्हणून सुई पुढे ढकलत राहिलात तर ती नर्व्हच्या आतच जाऊन थांबेल. म्हणून इथे स्क्रीनवर भिस्त ठेवली. सुई टिबियल आणि पेरोनियलच्या मधल्या फटीत, दोघींना एकत्र बांधणाऱ्या आवरणाच्या आत पण नर्व्हच्या बाहेर. १ मिलि सलाइन टाकताच दोन्ही नर्व्ह एकमेकींपासून सुटताना दिसल्या. नर्व्ह स्वतःच फुगली असती तर तिथेच थांबून सुई मागे घेतली असती.

औषध सिस्टरांनी दर ३ मिलिला मागे ओढून, रुग्णाशी बोलत दिले. देण्याआधी प्रोबवरचा दाब सैल केला. दाबलेली शीर स्क्रीनवरून गायब होते, सुई तिच्यात असली तरी मागे ओढल्यावर रक्त येत नाही, आणि दाब सोडताच औषध सरळ हृदयाकडे जाते. पसरताना दिसलेच नाही, तर ते कुठे जाते आहे हे कळेपर्यंत पुढचा थेंब द्यायचा नाही. सुई काढल्यावर पाच मिनिटे बोटाने दाबून धरले.

सॅफेनस: बेत बदलला

सॅफेनस ही फेमोरल नर्व्हचीच फांदी, म्हणून आधीचा बेत जांघेत फेमोरल ब्लॉकचा होता. प्रोब ठेवला तर धमनीच्या बाहेरच्या बाजूला दोन गोल गाठी, मध्ये उजळ, कडेला काळसर. पायातल्या संसर्गाने सुजलेल्या लसिका गाठी. घाईत त्या नर्व्ह वाटतात. ओळखायचे कसे? प्रोब वर-खाली सरकवला की गाठ सुरू होते आणि संपते, नर्व्ह तशीच पुढे जात राहते. दुखऱ्या, सुजलेल्या गाठींमधून सुई नेण्यात अर्थ नव्हता. मांडीच्या मध्यावर सार्टोरियस स्नायूच्या खाली, धमनीच्या बाहेरच्या कडेला ८ मिलि दिले. घोट्याच्या आतल्या बाजूच्या कातडीला तेवढे पुरते.

थांबणे

फसले म्हणतात ते बहुतेक ब्लॉक फसलेले नसतात, त्यांना वेळ दिलेला नसतो. दुसरी सुई निघाली १२.४० ला. एक वाजता पेरोनियलची बाजू गेली होती. टिबियलच्या बाजूला पिंढरीवर टोचलेले अजून कळत होते. टिबियल जाड असते, तिला उशीर लागतो. सर्जन हात धुऊन उभे होते, त्यांना बसायला सांगितले. १.१५ ला दोन्ही बाजू पूर्ण.

तपासणी कुठे केली हे महत्त्वाचे. तळपायावर टाचणी टोचून "समजते का" विचारणे इथे निरर्थक, तिथे महिनोन्महिने काही समजतच नव्हते. स्पिरिटचा गार बोळा आणि टाचणी, दोन्ही कापायच्या रेषेवर आणि तिच्या वर, चारही बाजूंनी. ब्लॉकच्या आधी पायाला कुठपर्यंत संवेदना होती, याची नोंद केसपेपरवर आधीच केलेली होती. पुढे कोणी विचारले की बधिरपणा सुईने आला की साखरेने, तर उत्तर तिथे असते.

मिडाझोलाम १ मिलिग्रॅम, फेंटानिल २५ मायक्रोग्रॅम, बस. अर्धवट ब्लॉक झोपेच्या औषधाने झाकायला गेले की निजलेला, धापणारा, तरीही हात-पाय झाडणारा रुग्ण हाती येतो. ऑपरेशन २० मिनिटांत झाले. रक्तदाब ९८ ते १०६ दरम्यान राहिला, नॉरॲड्रिनलिन सुरू करावे लागले नाही. एकाच पायाच्या रक्तवाहिन्या सैल पडतात, त्यामुळे स्पायनलसारखी घसरण होत नाही.

दुसरा टप्पा

सहा दिवसांनी ताप नाही, जखम स्वच्छ, एचपीएलसीत सिकल वाहक. स्टेंटला वर्ष झालेले नसल्याने गोळ्या बंद केल्या नाहीत, म्हणून स्पायनल याही वेळी बाद. तेच दोन ब्लॉक, तेच डोस. फरक एकच: गुडघ्याखालच्या अँप्युटेशनमध्ये मागचा लांब फ्लॅप (हाड झाकायला ठेवलेली कातडी-स्नायूची झडप) पिंढरीच्या वरच्या भागापर्यंत जातो आणि तिथल्या कातडीला मांडीच्या मागून उतरणारी पोस्टेरियर क्युटेनियस नर्व्ह येऊन मिळते. ती सायॅटिकपासून वरच वेगळी झालेली असते. गुडघ्यामागचा ब्लॉक कितीही चांगला लागला तरी तिला गाठत नाही. राखीव ४ मिलि सलाइन घालून १० मिलि केले (०.२ टक्के) आणि गुडघ्यामागच्या घडीखाली कातडीत आडवी रेघ टोचली.

शिवताना आतल्या कोपऱ्यात "इथं टोचते जी" आले. रोपिव्हॅकेनची १५० मिलिग्रॅम गेलेली, म्हणजे आखलेली रेघ गाठलेली आणि १६८ च्या मूळ मर्यादेचाही ८९ टक्के वाटा संपलेला. साध्या लिग्नोकेनची मर्यादा किलोला ४.५ मिलिग्रॅम, ५६ किलोला २५२. तिचा उरलेला ११ टक्के वाटा जेमतेम २७ मिलिग्रॅम. दोन औषधांच्या मर्यादा स्वतंत्र नसतात, त्यांचे विष एकात एक मिळते. १ टक्का लिग्नोकेन २ मिलि कोपऱ्यात दिले आणि ते पुरले. सर्जनच्या हातात लिग्नोकेनची भरलेली वायल असते आणि "थोडं लोकल मारतो" म्हणत दहा मिलि जातात, हे प्रत्येक ओटीत घडते. म्हणून वायल भूलतज्ज्ञाच्या ट्रेवर ठेवलेली बरी.

करवत चालताना हादरा मांडीपर्यंत जातो. कानात कापूस आणि मुलाच्या मोबाइलवरची भजने, एवढ्यावर भागले.

वॉर्ड

मधुमेही नर्व्हवर ब्लॉक जास्त टिकतो. पहिल्या वेळी साधारण १६ तास टिकला, म्हणजे दुखणे सुरू झाले ते पहाटे, वॉर्डात एकच सिस्टर असताना. ब्लॉक चालू असतानाच पॅरासिटामॉल १ ग्रॅम दर आठ तासांनी सुरू केले तर ही पहाट सुसह्य होते. उतरल्यावर सुरू करून ते मागेच पडते. वरून ट्रॅमाडॉल ५० मिलिग्रॅम, गरजेपुरते. डायक्लोफिनॅक या क्रिएटिनिनला आणि या हृदयाला नको, हे केसपेपरच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहिले, कारण रात्रपाळीला हात आधी त्याच इंजेक्शनकडे जातो.

डाव्या टाचेखाली उशी दिली. तोही पाय बधिर आहे आणि दोन दिवस एकाच जागी टेकून राहिला तर दुसरी जखम तिथेच होते. खाटेला दोन्ही बाजूंनी कठडे लावले आणि रात्री मुलाला शेजारी झोपायला सांगितले. पाय नाही हे झोपेतून उठताना आठवत नाही, माणूस सवयीने उतरायला जातो आणि ताज्या टाक्यांवर पडतो.

डिस्चार्ज कार्डवर ब्लॉकची जागा, औषध, मिलिग्रॅम, उतरल्याची वेळ आणि पुढे स्पायनल का टाळले ते कारण लिहून दिले. क्लोपिडोग्रेल कोणीही परस्पर बंद करू नये, ही ओळ मोठ्या अक्षरात.